हरभरा खाणारे पाहुणे

आमचं रान बदनापूरच्या पुढं, तलावाला लागून. थंडीत तलावावर राखाडी रंगाचे मोठाले पक्षी उतरतात, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले. शिकलेली माणसं त्यांना राजहंस म्हणतात. पहाटे रानात शिरून कोवळा हरभरा बुडखापर्यंत खाणाऱ्याला मी तरी राजा म्हणणार नाही. मी पत्र्याचा डबा घेऊन बांधावर उभी राहायची आणि असा बडवायची, की पक्षी तर उडायचेच, शेजाऱ्याची म्हैसही दावं तोडायला बघायची.

आमच्या ह्यांचं उलटं. जालन्याच्या एमआयडीसीत भट्टीपुढं उमर गेली, निवृत्त होऊन रानातल्या घरी राहायला आले आणि ह्या पक्ष्यांच्या नादी लागले. दुर्बीण घेऊन आलेल्या कुणीतरी सांगितलं, की हे उन्हाळ्यात लडाखला जातात, तिथल्या सरोवरांवर पिल्लं काढतात. झालं!

"दरसाल आपल्या रानात जेवून जातेत," ते म्हणायचे. "एकदा आपण जावं का न्हाई त्यांच्या घरी?"

"जावा की. येताना आपला हरभरा परत आणा."

मी चेष्टा करत राहिले आणि त्यांनी एका सहलीची तिकिटं काढली. पेरणी पुतण्यावर सोपवून हे जोडपं फिरायला निघालेलं बघून गाव हसलं. मलाही लाजच वाटत होती. पण लेहला उतरल्यावर ह्यांचा चेहरा बघितला आणि मी लाज विसरले. गोंप्याच्या, म्हणजे तिथल्या बौद्ध मठाच्या, पायऱ्या चढताना ते सारखे थांबायचे. दम लागला का विचारलं, की म्हणायचे, "न्हाई गं, बघून राह्यलो." खारट चहा मिटक्या मारत प्यायले. संध्याकाळी सिंधूच्या काठी बसून थंडगार पाण्यात पाय सोडले आणि मलाही सोडायला लावले. लग्नानंतर असे निवांत आम्ही कधी बसलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी त्यांची छाती भरून आली. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावलं आणि सांगितलं, इथून वर अजिबात जायचं नाही. सरोवर तर खूप वर होतं, आणि आमच्या बरोबरची मंडळी तिकडंच निघाली होती.

"तू जा," हे म्हणाले.

"मला काय करायचेत ते बदकं? मी न्हाई जात तुम्हाला सोडून."

"अगं, लग्नाकार्याला घरातलं एक माणूस गेलं तरी सगळं घर गेल्यावानीच असतंय. जाऊन ये. आपल्या घराकडून."

गेले. वाटेत रानगाढवांचा कळप दिसला, मांजराएवढ्या गलेलठ्ठ खारी बिळापुढं हात जोडून उभ्या दिसल्या. मंडळी ओरडत होती. माझं निम्मं मन लेहच्या त्या खाटेपाशी होतं.

आणि मग ते दिसले. निळ्या पाण्याच्या कडेला, ओल्या गवतात. आमच्या रानात चोरासारख्या माना वर करून चरणारी ती जात इथं पिवळट पिल्लांना मधे घेऊन सावकाश चालली होती. आपल्या अंगणात चालावं तशी. मी "अहो, बघा की" म्हणत वळले. शेजारी एक अनोळखी बाई स्वतःचा फोटो काढत होती. इतकं चांगलं काही बघायची मला सवय नाही, आणि ह्यांच्याशिवाय तर नाहीच. मला रडू आलं. ज्यानं ह्यासाठी जीव टाकला तो खाली पडून होता, आणि डबा बडवणारी बाई इथं उभी होती.

मोबाइलमध्ये घेतलं सगळं, पण लांबून. पक्षी म्हणजे नुसते ठिपके. ऐकू येतो तो वारा आणि माझा आवाज, "अहो, बघा की, बघा." ह्यांनी ते इतक्यांदा लावलं, की शेवटी मीच ओरडले. मग ते मला विचारायला लागले. पिल्लं पुढं होती का मागं? पाणी कसं होतं? मी सांगते, पण सांगून ते सरोवर त्यांच्यापर्यंत पोचत नाही, हे मला कळतं.

यंदा त्यांना बांधापर्यंतही चालवत नाही. म्हणून हरभरा मी घरापुढच्या पट्ट्यात पेरला आणि त्यांची खाट दाराशी आणली. डबा कोठीमागं टाकून दिला.

"वहिनी, यंदा तुमचा डबा वाजत न्हाई," शेजारी म्हणाला.

"फुटला," मी सांगितलं.

पक्षी आलेत. तलावावरून आवाज येतो. घरापर्यंत मात्र अजून एकही आलेला नाही. हे उठल्या उठल्या विचारतात, "उतरले का गं?"

"न्हाई अजून."

"घर माहीत हाय ना त्यांला?"

घर माहीत असेल, पण त्यांना माझं तोंडही माहीत आहे. म्हणून पहाटे मी दाराआड उभी राहते, त्यांना दिसू नये अशी. हरभरा वीतभर झालाय, कोवळा आहे. या म्हणावं एकदाचे. खा. सगळा खा.