दाजींना भरवलेले घास

माझ्या दाजींचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला कारण मी आहे. हे आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला तर नाहीच. वरवंडला आणि आमच्या शिरूरलाही लोक म्हणतात, गडी बोटीवर गेला, फुकटचं बघितलं आणि फुटेस्तोवर खाल्लं. लोक हसतात. त्यांच्यात बसून मीही मान हलवली आहे. खरं असं की आपल्या मनानं त्यांनी खाल्लं ते पहिला दीड दिवस. पुढचं मी खायला घातलं, ठरवून.

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. वरवंडला त्यांचं गुऱ्हाळ. अंगानं दांडगे आणि खायला त्याहून. लग्नाच्या पंगतीत पैज लावून जिलेबी खाणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखत. शुगर निघाली तरी पैजा सुटल्या नव्हत्या. आणि त्यांचा हात चालायचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, आणि पहिल्या वर्षापासून आम्हाला माहीत होतं.

एकदा चौफुल्याला काम होतं म्हणून जेवणवेळेला बहिणीकडं गेलो. दाजी आणि मी शेजारी शेजारी बसलो. भाकरी निवलेली होती, एवढंच झालं. दाजींनी समोरचं स्टीलचं ताट आमटीसकट उचललं आणि तिच्या तोंडावर फेकलं. ताटाची कड भुवईवर बसली. आधी नुसती पांढरी चीर दिसली, मग रक्त एकदम डोळ्यात उतरलं. तिनं पदर दाबून धरला. दुसऱ्या हातानं फरशीवरची आमटी पुसली, दाजींना नवं ताट वाढलं आणि मला म्हणाली, "दादा, तू जेव. तुझं निवतंय."

मी जेवलो. माझ्या ताटात दोन भाकरी होत्या, दोन्ही खाल्ल्या. दाजी म्हणाले, "पाव्हणं, भात घ्या की." मी भातही घेतला. ती तोंड फिरवून वाढत होती आणि तिच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत गेलेला मला दिसत होता.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते तेव्हा होते. म्हणाले, "जावई हाय त्यो. तू सकाळी त्याचा हात धरशील, संध्याकाळी त्यो तिला आणून दारात सोडंल. मग काय करशील?" मी काहीच केलं नाही. वडिलांच्या या वाक्याचा मला आधार वाटला, हेही आज लिहून टाकतो.

आमचं शिरूरला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी शेतीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीनं आम्हा डीलर लोकांना क्रूझवर न्यायचं काढलं. मुंबईहून बोट निघणार, चार रात्री समुद्रात, खाणंपिणं सगळं त्यात. दोघांची सोय होती. बायको म्हणाली, "मला यष्टीत उलटी हुती, बोटीत माझं काय व्हईल. दाजींना न्या." आमच्याकडं असा मान निघाला की तो आधी दाजींकडं जातो, त्यात विचारायचं काही नसतं.

निघायच्या दिवशी बहीण चौफुल्यापर्यंत आली. तिनं माझ्या हातात प्लॅस्टिकची डबी दिली. सात घरं, प्रत्येकावर वार, आत सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळ्या. म्हणाली, "तुझ्यापाशी ठेव. त्यांच्याकडं दिली तर समुद्रात टाकत्याल. आन् गोडाला हात लावू दिऊ नको. दादा, तू हायेस म्हणून सोडतीय."

बोटीवर खाण्याला अंतच नव्हता. सकाळी सात वाजता बुफे लागायचा तो अकराला उठायचा, तोवर वरच्या डेकवर पिझ्झा सुरू. मग दुपारचं जेवण, चारला केक आणि चहा, संध्याकाळी टेबलावर आणून वाढलेलं जेवण. आमची पन्नास-साठ माणसं पहिल्या सकाळी त्या बुफेवर अशी पडली, की एकाच्या कोपरानं दुसऱ्याचं सांबार तिसऱ्याच्या शर्टावर गेलं. चिमटे हिसकावले जात होते. इडल्यांवर आम्लेट, त्यावर पेस्ट्री, त्यावर कलिंगड. दाजींनी तर दोन्ही हातात दोन ताटं भरली आणि आणखी वाढायला वेटरला मागं घेतला.

आमच्या टेबलावर बारामतीकडचे एक वयस्कर डीलर होते. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आप्पा आधी दोनदा क्रूझ करून आलेले. त्यांच्यासमोर एक वाटी दही आणि पपईच्या चार फोडी होत्या.

"आप्पा, उपास हाय का?" कुणीतरी विचारलं.

"उपास न्हाई, आक्कल हाय," आप्पा म्हणाले. "पहिल्या बोटीवर मी बी असाच तुटून पडलो व्हतो. दुसऱ्या दिवसापासनं संडासातनंच समुद्र बघितला. तवा ऐका. आधी रिकाम्या हातानं एक फेरी मारायची. काय काय हाय ते बघायचं. मग लहान बशी घ्यायची, मोठ्या ताटाला हात लावायचा न्हाई. जे घरी मिळतं ते बोटीवर खायाचं न्हाई. दिवसातनं एक जेवण सोडायचं. आन् लिफ्टनं जायाचं न्हाई, जिन्यानं जायाचं. समुद्र काय आटत न्हाई, आन् ह्यांचं बुफं बी आटत न्हाई."

मला ते पटलं. मी लहान बशी धरली. पहिल्या दिवशी दाजींनाही सांगत राहिलो, केक पुढं आला की बशी सरकवत राहिलो, सकाळ-संध्याकाळ गोळ्या हातावर ठेवत राहिलो. दाजी टेबलावर सगळ्यांना सांगायचे, "आमच्या पाव्हण्यांना बहिणीनं नर्स करून धाडलंय." लोक हसायचे. तरी मी गोळ्या देत होतो. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेटरनं दाजींच्या पुढं पोळी ठेवली, ती गार होती. ईशान्येकडचा पोरसवदा माणूस, त्याला मराठी कळत नव्हती. दाजींनी पोळी उचलून त्याच्या छातीवर फेकली. तो सॉरी सर म्हणत खाली वाकला. सगळ्यांनी ताटात माना घातल्या. तेव्हा वातावरण हलकं करायला दाजी म्हणाले, "ह्याच्या जागी आमची मंडळी असती तर ताट फेकलं असतं. निघताना तिला म्हणलं, चार दिस तुला सुट्टी. हात दुखायला लागला व्हता, जरा आराम दितो त्याला."

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. मी हसलो.

हसता हसताच मी उठलो, गोडाच्या काउंटरवर गेलो, मोठं ताट घेतलं आणि त्यात सहा गुलाबजाम, पुडिंग आणि जिलेबी भरून दाजींपुढं ठेवलं. म्हणालो, "दाजी, नर्सची ड्यूटी संपली. आता पाव्हणचार."

त्या संध्याकाळी मी डबी बॅगेतून बाहेर काढली नाही. पुढचे दोन दिवसही नाही. दाजींनी कधी विचारलं नाही, त्यांना सवयच नव्हती.

आग्रह काय चीज आहे ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पंगतीत पाव्हणा नको म्हणाला की त्याच्या पानावर दोन जास्त पडतात. त्यानं हात आडवा धरला तर हात बाजूला करून वाढतात. अगदीच ऐकेना, तर घरचा माणूस स्वतः घास घेऊन त्याच्या तोंडाशी नेतो, आणि तो घास नाकारायचा म्हणजे त्या घराचा अपमान. हे सगळं प्रेमानं करतात. माझ्या हातात ते हत्यार आलं. कुणाला शंका येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मेव्हणा दाजींचे लाड करतोय, यापलीकडं कुणी काय बघणार.

आप्पांचे नियम मी पाळत होतो आणि दाजींसाठी तेच उलटे करत होतो. मी जिन्यानं, त्यांना लिफ्टनं. मी एक जेवण सोडायचो, त्यांच्यासाठी दोन जेवणांच्या मध्ये तिसरं आणायचो. ते डेकवर झोपले की उठवून आईस्क्रीम द्यायचो. पैजा मीच लावायचो. "दाजी, नगरची माणसं म्हणत्यात वरवंडवाला थकला." एवढं पुरायचं. तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करायला लागले, दर अर्ध्या तासानं लघवीला. मला दुकानात येणाऱ्या शुगरवाल्या गिऱ्हाइकांवरून ठाऊक होतं हे कशाचं लक्षण आहे. मी त्यांना पाण्याऐवजी कोल्ड्रिंक आणून दिलं.

शेवटच्या संध्याकाळी कोट-बूट घालून जेवायला जायचं होतं. दाजींनी त्यासाठी नवे बूट घेतले होते, दिवसभर तेच घालून हिंडले. बूट काढला तेव्हा डाव्या अंगठ्याजवळचं कातडं सोलून मोजा चिकटला होता. "दुखत न्हाई," म्हणाले. दुखत नव्हतं ते शुगरमुळं. मी म्हणालो, "मग घाला की परत."

जेवण सूर्य मावळायच्या सुमाराला सुरू झालं. दाजींनी पहिल्यांदाच ताट बाजूला सारलं. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे. म्हणाले, "पाव्हणं, आज बास. खरंच बास." वीस वर्षांत त्यांच्या तोंडून असा आवाज मी ऐकला नव्हता. माझी बहीण तो आवाज रोज काढत असणार, हे मला तिथंच कळलं, आणि मी उठलो.

"दाजींनी माझ्या हातचा घास नाकारला," मी मोठ्यानं म्हणालो. टेबलावर आरडाओरडा झाला. दोघांनी हौसेनं त्यांचे हात मागं धरले. कुणीतरी मोबाइल काढला. मी गुलाबजाम उचलून त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी दात आवळले. मी डाव्या हातानं त्यांचा जबडा धरला, गालात बोटं रुतवली, दात उघडेपर्यंत दाबत राहिलो आणि गुलाबजाम आत कोंबला. मग दुसरा. पाक हनुवटीवरून कोटावर गेला. तिसऱ्याला त्यांनी माझा अंगठा चावला, पार हाडापर्यंत. मी अंगठा काढला नाही. त्याच अंगठ्यानं आत ढकललं. त्यांच्या ओठावर रक्त आलं, ते माझं होतं. डोळे बाहेर आले होते आणि माझ्याकडंच बघत होते. लोक टाळ्या वाजवत होते. मी मोजत नव्हतो.

आप्पांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या माणसाच्या मानानं पकड घट्ट होती. हळू म्हणाले, "सोड. आग्रह कवाच संपलाय." त्या टेबलावर ते एकट्या आप्पांनाच दिसलं.

मला तेव्हा कसं वाटलं ते सांगायलाच हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. मला बरं वाटलं. फार बरं. अंगातून कित्येक वर्षांचा ताप उतरावा तसं.

केबिनमध्ये दाजी ओकायला लागले ते थांबेनात. बोटीवरच्या डॉक्टरनं शुगर तपासली, मशीननं आकडाच दाखवला नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' दाखवलं, म्हणजे मापाच्या पलीकडं. त्यानं हिंदीत विचारलं, गोळ्या चालू आहेत ना. मी म्हणालो, गडबडीत दोन दिवस विसरलो. दाजी सलाइनखाली पडल्या पडल्या म्हणाले, "त्यांची चूक न्हाई डॉक्टर. मीच खादाड हाय."

मुंबईहून घरी आलो तोवर दाजींच्या पायाचा अंगठा निळा झाला होता. आधी दौंडला दाखवलं, मग पुण्याला. पहिल्यांदा अंगठा काढला, दहा दिवसांनी अर्धं पाऊल, मग गुडघ्याखालून पाय. त्या तीन आठवड्यांत मी दवाखान्यात पळत होतो, डबे नेत होतो, रात्रपाळीला बसत होतो. बहीण म्हणायची, "दादा, तू तरी किती करायचंस त्यांचं. मीच सोडायला नको व्हतं." ती स्वतःला दोष देत होती आणि मी तिला देऊ दिला.

वाटलं होतं, आता तरी तिची सुटका होईल. इतका माझा हिशोब साधा होता. पण पूर्वी दाजी पहाटे गुऱ्हाळावर जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मधले बारा-तेरा तास तिचे असायचे. आता गुऱ्हाळ भाड्यानं दिलंय आणि दाजी दिवसभर सोप्यात खुर्चीवर असतात. पाणी तिनं द्यायचं, संडासला तिनं न्यायचं, पाय पुसायचा तिनं. ती आता सदासर्वकाळ त्यांच्या हाताच्या टप्प्यात असते. शिवाय हातात कुबडी आहे. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा ती डाव्या हातानं चहा गाळत होती. उजवं मनगट सुजून काळं पडलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "गाळणं पडलं."

दाजी मला बघून खूश झाले. शेजारच्याला सांगायला लागले, "ह्या आमच्या पाव्हण्यांनी बोटीवर मला असं खाऊ घातलं, असं खाऊ घातलं, सख्खा भाऊ करणार न्हाई. कोपऱ्यातलं टेबल उठून बघायला आलं व्हतं." मोबाइलमधला तो व्हिडिओ त्यांनी दाखवला. त्यात मी हसतोय. बहिणीनंही तो पाहिला, माझ्या खांद्यामागून. मग चहाचे कप उचलून आत गेली.

मी परत शिरूरला आलो. त्यानंतर वरवंडला गेलेलो नाही. फोनवर ती विचारते, "दादा, कवा येतोस?" मी दुकानाचं कारण सांगतो.

दाजींचं मी काय देणं लागतो, ते मला अजून नीट कळत नाही. कदाचित तेही खरं सांगणंच असेल. बहिणीचं मात्र कळतं. तिनं विश्वासानं दिलेल्या गोळ्या मी मुद्दाम दिल्या नाहीत, हे मला तिच्या तोंडावर सांगायचं आहे. आणि बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही ते विचारायचं आहे, की तू कायमची घरी येतेस का. ही दोन्ही कामं अजून झालेली नाहीत.