खाजणातल्या कोळंबीची जुळणी

आमच्या लॅबमध्ये जगाशी बोलणारा कॉम्प्युटर एकच होता, आणि तो सरांच्या केबिनमध्ये, घरातल्या चांगल्या कपबशांसारखा जपून ठेवलेला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. घोडबंदर रोडला तेव्हा संध्याकाळनंतर रिक्षावालेही नाक मुरडायचे, आणि त्या रस्त्याच्या तोंडाशीच एका छोट्या संस्थेत मी विषाणूंवर काम करायचे. इंटरनेटवर वेबसाइट नावाचं काही असतं हे ऐकून माहीत होतं, पण आमच्या फोनलाइनला ते झेपत नव्हतं. आमचं सगळं ई-मेलवर. डीएनएची अक्षरं, म्हणजे ए, सी, जी आणि टी, ठरलेल्या पद्धतीने टाइप करायची आणि परदेशातल्या एका पत्त्यावर पाठवायची. तिथलं यंत्र ती अक्षरं जगभरच्या संशोधकांनी जमा केलेल्या साठ्याशी लावून बघायचं आणि कशाशी जुळली ते उलट टपाली कळवायचं. मध्ये माणूस कोणीच नाही. सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काहीतरीच काय. रेशनकार्डावर नाव चढवायला हेलपाटे घालणारी माणसं आम्ही. आमची चौकशी न करता, फुकटात, कोण कशाला उत्तर देईल?

पण मला त्या यंत्राचं वेड लागलं ते आमच्या कोळीणमावशीमुळे.

मावशी कोपरच्या पुढच्या खाडीकाठच्या गावातून डोंबिवलीत आमच्या दारी मासळी विकायला यायची. आई तिच्याशी घासाघीस करायची आणि शेवटी तिने सांगितलेल्या किमतीलाच घ्यायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. एका सकाळी ती पाटी घेऊन आली, पण पाटी खाली ठेवायच्या आधीच तिचा बांध फुटला. तिच्या नवऱ्याची आणि मोठ्या दिराची खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, शेजारी शेजारी तळी होती. दोघं कोळंबी वाढवायचे. बाजारात भाव बरा आहे म्हणून नवऱ्याने आपली कोळंबी लवकर काढून विकली, आणि थोड्याच दिवसांत दिराच्या तळ्यात मरतूक सुरू झाली. काठावर मेलेल्या कोळंबीचा नुसता खच. झालं. दिराने सरळ धाकट्या भावाचं नाव घेतलं. स्वतःचा माल आधी काढला आणि मग माझ्या पाण्यात औषध ओतलं, असं तो गावभर सांगत सुटला.

त्या गावात अशा वेळी एक रीत होती. ज्याच्यावर आळ येईल त्याने पौर्णिमेला गावदेवीसमोर, सगळ्यांच्या देखत, नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची. घेतली की सुटला, कोणी परत तो विषय काढायचा नाही. नाही घेतली तर तो दोषी. मग त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या होडीला कोणी हात लावत नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कोणी उभं राहत नाही. आणि मावशीचा नवरा शपथ घ्यायला तयार नव्हता. सगळ्यांनी समजावून पाहिलं. त्याचं एकच म्हणणं होतं, “भावाला माझा शब्द पुरत नाय, त देवीला कशाला मधी आनू?” त्याने काहीही केलं नव्हतं, आणि तरी पौर्णिमेला त्याचा भाऊ आणि गाव दोन्ही सुटणार होतं.

मावशीने पाटीच्या तळातून बर्फात गुंडाळलेली एक पिशवी काढली. दिराच्या तळ्यातली मेलेली कोळंबी तिने गुपचूप उचलून आणली होती.

“बाय, पान्यान कोनी काय टाकला का आजार आला, एवरा तरी तुला कलेल का?”

कोळंबीच्या कवचावर पांढरे ठिपके होते. मी कळेल म्हणाले. म्हणून तर बसले, पण पौर्णिमा फार लांब नव्हती.

सरांना विचारलं. ते आधी कुरकुरले, मग पिशवी उघडून ठिपके नीट निरखले. म्हणाले, करा. आंबिवलीहून येणारी माझी सहकारी आणि मी, दोघी कामाला लागलो. कोळंबीतून डीएनए काढला, विषाणूचा असेल असा एक तुकडा प्रती काढून वाढवला. तुकडा मिळाला, पण तो कोळंबीचा स्वतःचाही असू शकत होता. अक्षरं वाचल्याशिवाय खात्री नाही. तेव्हा अक्षरं वाचायची म्हणजे एक्स-रेसारखी फिल्म डोळ्यांसमोर धरायची. तिच्यावर चार उभ्या रांगा, एकेका अक्षराची एकेक, आणि त्यांत काळ्या आडव्या रेघा. खालून वर जायचं आणि ज्या रांगेत पुढची रेघ येईल ते अक्षर लिहायचं. डोळ्यांची अगदी वाट लागायची.

फिल्म हातात आली तो नेमका शुक्रवार. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जायची, म्हणजे फिल्म बघायची दिव्याची पेटी बंद. थांबायला वेळ कुणाला होता? आम्ही फिल्म खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीने लावली, बाहेर रणरणतं ऊन होतंच, आणि मी वाचत गेले, ती लिहीत गेली. लाइट आल्या आल्या सगळं टाइप केलं आणि पाठवून दिलं. मोडेमने नेहमीचं किंचाळून घेतलं आणि आमची कोळंबी समुद्रापार गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कशाशीही जुळत नाही.

पहिल्यांदा मी चक्क आनंदले. साठ्यात नाही म्हणजे जगाला ठाऊक नसलेला विषाणू, आणि तो आमच्या कोपरच्या खाजणात! मी मनातल्या मनात शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरवलं. मग मावशी आठवली. तिच्या गावाला काय सांगणार होते मी, की हे काय आहे ते कुणालाच माहीत नाही? त्यावर तर दिराने टाळी वाजवली असती.

सरांनी कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “जगाला माहीत नाही असं वाटलं, की आधी आपण कुठे चुकलो ते बघायचं.”

मला राग आला, पण फिल्म पुन्हा काढली. या वेळी दिव्याच्या पेटीवर. सहकारिणीने ती ठेवली आणि हसायलाच लागली. फिल्मचा एक कोपरा आम्ही नेहमी कापून ठेवायचो, सुलट बाजू कळावी म्हणून. खिडकीत उन्हाच्या नादात कापलेला कोपरा कुठल्या बाजूला आहे हे आम्ही दोघींनीही बघितलं नव्हतं. फिल्म पाठीकडून वाचली होती. डावीकडची रांग उजवीकडे गेली, म्हणजे ए च्या जागी टी आणि सी च्या जागी जी. तासभर इतकं मन लावून आम्ही उलटं वाचत होतो.

नीट वाचून पुन्हा पाठवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुपार कलताना उत्तर आलं आणि सरांनी मला हाक मारली.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत दोन ओळी होत्या. वरची आमची. खालची आशियातल्याच, पण पार पलीकडच्या समुद्रकाठच्या एका देशातल्या कोळंबीच्या विषाणूची. वरच्या प्रत्येक अक्षरापासून खालच्या अक्षरापर्यंत एक बारीक उभी रेघ. रेघेमागून रेघ, रेघेमागून रेघ, क्वचित एखादी गाळलेली. मी पडद्याला बोट लावून बघत राहिले. अंगावर काटा आला, खरंच आला. तिथेही कुणाची तरी कोळंबी मेली होती. कुणीतरी अशीच फिल्म डोळे फोडून वाचली होती आणि ती अक्षरं साठ्यात ठेवून दिली होती, कुणाला लागतील तर लागोत म्हणून. आम्ही कोण, कुठले, त्यांना काय माहीत? मला रडू आलं आणि सर खिडकीबाहेर बघायला लागले.

पौर्णिमेला मी तो छापील कागद घेऊन गावात गेले. देवळासमोर माणसं जमली होती, नारळ मांडलेला होता. मावशीने थोरल्या दिराला गळ घातली की शपथेआधी हिचं ऐका. तो फणकारला, पण शहरातली मुलगी आली म्हणून बसला. मी कागद त्याच्यापुढे पसरला. वरची ओळ तुमच्या कोळंबीतल्या रोगाची, खालची परदेशातल्या कोळंबीतल्या रोगाची, आणि रोग तोच. नुसत्या औषधाने मेली असती तर कोळंबीत हे सापडलं नसतं. तो बोट फिरवत त्या उभ्या रेघा बघत राहिला, अगदी माझ्यासारखाच.

“हे लोक आपल्याला वलखत पन नाय,” तो म्हणाला, “तरी लिवून ठेवला?”

मी हो म्हटलं. तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याने रोग आला कुठून ते विचारलं, आणि मी, मूर्खासारखी, खरं उत्तर दिलं. म्हटलं, बहुतेक बाहेरून आणलेल्या बियाण्यातून, म्हणजे तळ्यात सोडलेल्या कोळंबीच्या पिल्लांतून.

बियाणं परगावाहून थोरल्यानेच आणलं होतं, स्वतःच्या आणि धाकट्याच्या तळ्यासाठी, आणि गावात मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. आता माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्याची मान खाली गेली. आपण काय करून बसलो असं मला झालं.

तेव्हा मावशीचा नवरा उठला. इतका वेळ तो खांबाला टेकून बसला होता. नारळापाशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “बी आमी दोघांनी आनला. मी पन होतो दादासोबत.”

थोरला त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने धाकट्याचा हात धरला आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडला. माणसं एकेक करून उठली. नारळ पुजाऱ्याने फोडला आणि वाटून टाकला.

मावशी मला स्टेशनच्या रस्त्याला सोडायला आली. मी म्हटलं, बरं झालं, दोघं मिळून गेले होते बियाणं आणायला. ती थांबली. नवरा त्या आठवड्यात तापाने फणफणला होता, म्हणाली, अंथरुणातून उठला नव्हता. दीर एकटाच गेला होता.

“म्हणजे देवीसमोर खोटं बोलले?”

मावशीने पदराने डोळे पुसले. “खरा बोलाला सांगितला तवा बोलला नाय,” ती म्हणाली, “खोटा मात्र न सांगता बोलला.”