मिठागरावरची उडी

मुलगा गाडीतून न्हावा-शेव्याच्या बाजूला नेतो तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत नाही. काय बघायचं डोंबल? एकावर एक रचलेले कंटेनर, आणि ते वाहणाऱ्या ट्रकची रांग. तिथे आमची मिठागरं होती हो! होळीच्या आसपास ती अशी लखलखायची की दुपारी बांधावरून चालताना डोळ्यांवर हात धरावा लागे. माझ्या उभ्या हयातीत मला सगळ्यात जास्त छळणारा फोटो मी तिथेच काढला. त्याची आठवण आली की अजून माझ्या तेव्हाच्या अकलेचा राग येतो, आणि लगेच त्या माय-लेकरांसाठी जीव कळवळतो.

उरणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, पडद्यावर रंगवलेला धबधबा, आणि न्हाणीघरात काळा कपडा लावून केलेली डार्करूम. दाखवायच्या मुली, नवीन जोडपी, बारशाची बाळं, असली गिऱ्हाइकं. सगळे खुर्चीत हलायचे आणि मी सगळ्यांवर ओरडायचो. माझ्या तोंडाला घाबरून काही लोक पेणला जाऊन फोटो काढत, असं बायको म्हणायची. जाऊ देत म्हणायचो मी.

गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी एक फौजी जवान दुकानात आला. जवळच्याच मिठागरातला पोरगा, हवाई छत्री बांधून विमानातून उडी मारणाऱ्या पलटणीत भरती झालेला. बाप नव्हता, आई मिठागरात मजुरी करायची. इतके दिवस तिला वाटत होतं की पोरगा विमानात नुसता बसून जातो. मग बाजारात कुणा शहाण्याने तिला सांगितलं की तो वरून खाली उडी टाकतो. झालं! तेव्हापासून मुंबईकडे जाणारं विमान दिसलं की ती हातातलं काम टाकून वर बघत उभी राहायची, ते दिसेनासं होईपर्यंत. बरोबरच्या बाया थट्टा करायच्या, तिला पर्वा नव्हती.

आता तो सुट्टीवर आला, तर तिने हट्टच धरला. नोकरी सोड आणि मिठागरात ये. त्याने शपथेवर सांगितलं की मला भीती बिलकूल वाटत नाही, मी हसत उडी मारतो. ती म्हणाली, मग मला ते तोंड दाखव. उडी मारतानाचं तुझं तोंड मला दिसलं तर सुखाने जा, नाहीतर माझा आशीर्वाद नाही. आणि आशीर्वादाशिवाय हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. इथेच उंचावरून उडी मारून दाखवतो, खाली उभी राहून बघ म्हटलं तर म्हणे, पापणी लवेपर्यंत तू खाली येशील, मला दिसणार काय? शिवाय तू गेल्यावर विमान आलं की मी कुठे बघू? म्हणून फोटो. तो मला म्हणाला, “तोंड दिसलं पाहिजे, दादा. बाकी काय न्हाय दिसलं तरी चालेल.”

मी ऐटीत हो म्हटलं. त्यात काय आहे, असं वाटलं मला. माझ्याकडे तेव्हा दोन भिंगांचा, वरून काचेत बघायचा कॅमेरा होता, आणि तो कमरेशी धरला की मी स्वतःला फार मोठा समजायचो.

खाडीचं पाणी मिठागरात घ्यायची जी उघाडी असते, तिच्या दगडी भिंतीवर त्याने बांबूचा माळा बांधला. खाली पेंढ्याचा ढीग टाकला. दोन पुरुष उंचीवरून तो पलटणीत शिकवतात तशी उडी मारणार, आणि मी खालून टिपणार. भर दुपारी गेलो. सगळीकडे मिठाचे ढीग, वर स्वच्छ आकाश, नुसता उजेडच उजेड. एवढा उजेड बघून मी भुललो आणि भिंगाचं तोंड पार बारीक करून ठेवलं. त्याने उड्या मारल्या, मी बटण दाबलं. रात्री फिल्म धुतली तर आकाश झकास, मिठाच्या ढिगाचा खडा न् खडा आलेला, आणि मध्ये हातपाय पसरलेला एक कावळा. चेहऱ्याच्या जागी डांबर! ऊन त्याच्या पाठीमागे होतं, आणि मी मिठाचा फोटो काढून आलो होतो.

दुसऱ्या खेपेला म्हटलं, आता भिंग उघडतो. उघडलं. पण भिंग जितकं उघडावं तितका फोकस नाजूक होतो, नेमक्या अंतरावरचं तेवढं स्पष्ट येतं. हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पण हवेत फोकस धरणार कशावर? तिथे असतं काय धरायला? मी आपला अंदाजाने मागच्या भिंतीवर धरला. फोटोत भिंतीचे दगड असे आले की सांधे दिसावेत, आणि पोरगा धुक्यातून आल्यासारखा. तोंड उजळलं होतं, पण नाक कुठलं आणि डोळा कुठला हे कळायला मार्ग नव्हता. मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, फिल्मला दिल्या, आणि तो मुकाट्याने ऐकून घेत होता म्हणून त्यालाही दिल्या. त्याची सुट्टी संपत आली होती, आणि मुंबईहून आणलेली एकच फिल्म शिल्लक होती.

त्या रात्री माझं डोकं ताळ्यावर आलं. शेवटच्या दिवशी आम्ही सकाळीच गेलो, ऊन कोवळं आणि त्याच्या तोंडावर पडेल असं. या वेळी आईलाही बोलावलं. काळीसावळी, काटक बाई, कपाळावर हिरवं गोंदण, मिठाने भेगाळलेले पाय. तो जिथे खाली येणार तिथेच तिला उभं केलं, हलू नका म्हणून दरडावलं, आणि काचेत बघत तिच्या कपाळावरच्या गोंदणावर फोकस धरला. गोंदणाचा ठिपका न् ठिपका दिसेपर्यंत फोकसची चावी फिरवत राहिलो, मग ती पुन्हा हलू नये म्हणून अंगठ्याने दाबून धरली. घरून पांढरी चादर नेली होती. ती आईच्या हातात दिली आणि तिला फक्त एक पाऊल बाजूला व्हायला सांगितलं, चादर खालून वर अशी धरून, म्हणजे उन्हाचा उजेड त्याच्या हनुवटीखाली जाईल. ती चादर धरून वर बघत उभी राहिली. त्याने उडी मारली. मी बटण दाबलं आणि मला तेव्हाच कळलं की आलाय. ते हाताला कळतं.

डार्करूममध्ये ताटलीत कागद हलवताना चित्र हळूहळू वर आलं. आधी केस, मग गणवेशाचा खिसा, मग कॉलर. काय सांगू, असा लख्ख फोटो मी पुन्हा काढला नाही. मी बायकोला हाक मारणार होतो. तेवढ्यात चेहरा पुरता उमटला. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, दात ओठात रुतलेले. भेदरलेलं लेकरू दिसत होतं ते.

संध्याकाळी तो आला. त्याने फोटो बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला. म्हणाला, “आईला तो पहिला काळा द्या. हा बिघडला म्हणून सांगा.” माझं टाळकंच फिरलं. एवढी मरमर करून काढलेला फोटो, आणि बिघडला म्हणून सांगू? मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, “डोळे दर वेळी मिटतात, दादा. विमानाच्या दारात उभा राहिलो की मिटतातच. पण मी थांबत नाय.” मी काळा फोटो पाकिटात घातला.

आईने तो बघितला, म्हणे. चांगला आलाय म्हणाली, लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मोऱ्याच्या धक्क्यावर जाऊन त्याला मुंबईच्या लाँचवर बसवून दिलं. तिथून ती तडक माझ्या दुकानात आली. दारातूनच म्हणाली, “भाऊ, आता तो दुसरा द्या.”

मी कोणता दुसरा म्हणून वेड पांघरलं. तर ती खुर्चीवर न बसता खालीच बसली. “चादर धरून मीच उभी व्हते ना खाली? माझ्याच तोंडासमोरून आला तो. डोले मिटले व्हते. ल्हान असताना तलावात उडी मारायचा, तवा पन असाच.” मी विचारलं, तुम्हाला कळलं होतं तर मग जाऊ कसं दिलंत? ती म्हणाली, “भ्याला तरी उडी मारली ना त्याने? मंग मी कशाला आडवू? पन त्याला बोलू नका. मला ठाव न्हाय, असंच वाटू दे त्याला.”

मी फोटो दिला. पुढे दर सुट्टीत तो चहाला यायचा, आणि आईला काही कळलं नाही ना, असं हळूच विचारायचा. त्यांच्या घरी भिंतीवर काळा फोटो होता, तो मी पाहिला होता. दुसरा कुठे ठेवलाय ते तिने मलाही सांगितलं नाही.

ती गेली तेव्हा तो पलटणीतून आला. दिवस झाल्यावर स्टुडिओत येऊन त्याने टेबलावर फोटो ठेवला. तिच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत सापडलेला. गणवेशाचा खिसा होता, कॉलर होती, बांबूचा माळा होता. चेहरा मात्र राहिला नव्हता. इतकी वर्षं विमान आलं की ती तिथे बोट फिरवत आली होती, डोळ्यांवर सगळ्यात जास्त. मी म्हटलं, निगेटिव्ह आहे माझ्याकडे, नवीन काढून देतो, अगदी होता तसा स्पष्ट.

तो म्हणाला, “नको दादा,” आणि फोटो उचलून शर्टाच्या आत ठेवला.