पाकळी पडली नाही त्या दिवशी

पहिल्यांदा लघवीतून रक्त गेलं तेव्हा मी ते बिटावर ढकललं. आदल्या दिवशी घरात बिटाची कोशिंबीर झाली होती. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा बीट नव्हतं, म्हणून उष्णतेवर ढकललं आणि आठवडाभर शहाळी प्यालो. मग ते आपोआप थांबलं आणि देवाचे आभार मानून मी मोकळा झालो. तिसऱ्यांदा मात्र ढकलायला काही उरलं नाही. वीज खात्यात तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबांवर चढलो, भर वादळात तारा जोडल्या, कधी भ्यालो नाही. आता रोज सकाळी न्हाणीचं दार लावतानाही भ्यायचो. दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणजे मोठं काही नसणार, ही एक काडी धरून मी दोन महिने काढले. बायकोला सांगितलं नाही. ती त्याच दिवशी मला डॉक्टरकडे नेणार, आणि डॉक्टर काय बोलेल याचीच मला भीती होती.

शेवटी मी पळवाट काढली. आमच्या गोव्यात, पेडण्याकडे, मोठं काम असलं की ग्रामदेवाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घालतो आणि पाकळी पडायची वाट बघतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हे आपसूक बरं होईल ना, एवढंच मला विचारायचं होतं. देव हो म्हणाला की डॉक्टरकडे जायला नको. बायकोला मात्र सांगितलं, मुलीच्या बदलीसाठी कौल लावूया. देवाच्या दारात खोटं बोलून गेलो, हे आज लिहितानाही लाज वाटते.

सोमवार होता. मंडपात पंधरा-वीस माणसं होती. मी गुरवाला म्हटलं, "मनात धरलेलं काम आहे, तसंच घाला." त्याने घातलं. अर्धा तास गेला, पाकळ्या जिथल्या तिथे. बायको बिचारी मुलीच्या बदलीसाठी हात जोडून उभी. शेवटी गुरव वळून म्हणाला, "मनातला मनातच ठेवलास तर देव जबाब कसो दितलो? तोंडान सांग."

मी त्याच्या कानाशी लागून कसंबसं सांगितलं. कानातलं कानात ठेवायची आमच्या गुरवाला सवय नाही. त्याने खणखणीत आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या लघवेतसून दोन म्हयने रगत जाता, ह्येच्यार तुजी नदर आसूं दी!" आणि रीतीप्रमाणे अख्खा मंडप ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्यात फक्त एक आवाज नव्हता. माझी बायको माझ्याकडे बघत होती.

पाकळी तरीही पडली नाही.

मी बाहेर येऊन तुळशीच्या कठड्यावर बसलो. बायकोही येऊन बसली. ती रागवली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात मंडपातलाच एक माणूस आमच्यासमोर येऊन उभा राहिला. सिंधुदुर्गातला होता, डिचोलीच्या खाणीवर ट्रक चालवलेला, विहिरीच्या जागेसाठी कौल लावायला आला होता. अंगाला विडीचा वास. त्याने विचारलं, "भाऊ, दुखता काय?"

"नाही," मी म्हटलं.

"माका पण कायएक दुखूक नाय." त्याने शर्टाचं टोक वर केलं. पोटाच्या उजव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली होती, लघवीने अर्धी भरलेली. "सा म्हयने कोणाक सांगूक नाय, लाज वाटली. मगे आतली मुताची पिशवीच काढूची लागली. तू फाल्यां डॉक्टराकडे जा. देव हयसरच आसा, तो खय जाणा नाय."

उद्याचं नाव ऐकताच बायको उठून उभी राहिली. "फाल्यां कित्याक?" ती म्हणाली. "आयजच." तशीच ती मला म्हापशाच्या बसमध्ये घालून घेऊन गेली.

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या भिंतीवर गाठ दिसली. डॉक्टर तरुण होत्या, शांतपणे म्हणाल्या, दुर्बिणीतून खरवडून काढू, ती किती खोल गेलीय ते तपासणीनंतरच कळेल. ऑपरेशनच्या टेबलावर कमरेखाली बधीर होऊन पडलो तेव्हा खरी धडकी भरली. दुसऱ्याने बंद केलेल्या लाइनला मी उभ्या नोकरीत कधी हात लावला नाही, आधी स्वतः तपासायचो. इथे तपासायला हातात काहीच नव्हतं. पाय कुठे आहेत तेही कळत नव्हतं. त्या क्षणी मनात आलं, देवा, आता लाइन तुझ्या हातात. बस, एवढंच. मोठी प्रार्थना सुचलीच नाही. पुढचे तीन दिवस नळी लावलेली होती आणि पिशवीतलं पाणी लाल, मग कोकमाच्या सारासारखं, मग फिकट होत गेलं. रिपोर्टची वाट बघताना जेवण गोड लागेना. आला तेव्हा बायकोने वाचला, माझी छाती झाली नाही. कॅन्सर होता, पण वरवरचा. मुळं खोल गेली नव्हती. आणखी थांबला असतात तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

तो ड्रायव्हर म्हणजे देवच होता असं मी म्हणणार नाही. देवाच्या अंगाला विडीचा वास येत नसावा. पण पाकळी तेव्हाच उजवी पडली असती तर मी खुशाल घरी आलो असतो, आणि तो मला भेटलाच नसता. याच्यापुढे माझी मती चालत नाही, आणि आता मी ती चालवतही नाही. दर तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात. भीती गेलेली नाही. फक्त ती आता मी एकट्याने वागवत नाही.

परवा तपासणीच्या आदल्या दिवशी बायकोला घेऊन देवळात गेलो. गुरवाला विचारलं, त्या दिवशी शेवटी पाकळी कुठली पडली? तो म्हणाला, "कोण पळयता? दुसऱ्या दिसा सगळीं फुलां निर्माल्यात गेलीं." मी हसलो. कौल लावला नाही, नुसतं गाऱ्हाणं घालायला सांगितलं. माझं नव्हे, त्या ड्रायव्हरचं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, पोटावर पिशवी लावलेल्या त्या भावासाठी घाला. गुरवाने घातलं.

मंडप तोंड उघडायच्या आधीच माझ्या शेजारून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"