रोडग्यांची पार्टी आणि परतीची एसटी

“लांजेवार, किल्ली द्या.”

आमचे जीएम सुभेदार साहेब हात पुढे करून उभे होते. दुपारचे साडेतीन वाजले होते. आम्ही नागपूरजवळच्या कुहीच्या पुढे, भोयर फोरमनच्या शेतात होतो. साहेबांच्या गाडीची किल्ली एका लाल पेटीत होती. पेटीला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

“साहेब, तीन पेग झाले तुमचे.”

“दोन.”

“तिसऱ्याचं पाणी मीच आणून दिलं.”

“तो लहान होता. आणि पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे, माहीत आहे ना?”

माहीत होतं. तरी माझा हात खिशावर घट्ट होता.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे कोणी हेल्मेट घातलं नाही, कोणी चालू मशीनमध्ये हात घातला, की तिथे जाऊन ओरडणारा माणूस. काम नीट झालं तर काहीच होत नाही, त्यामुळे मी नेमकं काय करतो हे कोणालाच कळत नाही. त्या वर्षी कारखान्यात एकही अपघात झाला नव्हता; गेटवरच्या अपघाताच्या बोर्डावर वर्षभर शून्य होतं. साहेब खूश झाले आणि म्हणाले, पार्टी करू. भोयरनं लगेच आपलं शेत देऊ केलं. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वर तूप. बेत ठरला.

मी मीटिंगमध्ये हात वर केला. “साहेब, दारू नको.”

“लांजेवार, रोडगे काय पाण्यासोबत खायचे?”

“आम्ही तसेच खातो, साहेब.”

“म्हणून तुम्ही सेफ्टीत आहात.”

सगळे हसले. मग मी अटी घातल्या. सगळ्यांनी भाड्याच्या मिनीबसनं जायचं. ज्यांना स्वतःची गाडी आणायचीच आहे, त्यांनी पोहोचल्याबरोबर किल्ली लाल पेटीत टाकायची. निघताना दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं आणि पास झाला तरच किल्ली मिळेल. साहेबांनी मोठ्या मनानं सर्क्युलर काढलं आणि खाली सहीसुद्धा केली. हे सगळं इतरांसाठी आहे अशी त्यांची समजूत होती, हे मला नंतर कळलं.

लाल पेटीबद्दल सांगतो. कारखान्यात मशीन दुरुस्तीला काढली की आधी तिची वीज बंद करून तिथे कुलूप लावतात. ती किल्ली एका पेटीत जाते. जितके लोक मशीनवर काम करतात, तितके जण त्या पेटीला आपापलं कुलूप लावतात. शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय मशीन चालूच होऊ शकत नाही. साधी गोष्ट आहे, पण हिच्यामुळे अनेकांची बोटं जागेवर आहेत. पार्टीसाठी मी एकच कुलूप ठेवलं. माझं.

दुसरी वस्तू म्हणजे ब्रेथ ॲनालायझर. नळीत जोरात फुंकायचं, श्वासात दारू असेल तर लाल दिवा, नसेल तर हिरवा. आमच्या गेटवर रोज वापरतात. कामगार तिला फुंकणी म्हणतात.

तर त्या दिवशी पेटीत चार किल्ल्या होत्या. साहेबांची, प्रॉडक्शन मॅनेजर घाटोळेंची, लॅबच्या निमगडे मॅडमची आणि मिनीबसची. बाटल्या कुठून आल्या ते मला दिसलं नाही. वांग्यांच्या टोपलीखालून आल्या असं भोयर म्हणाला. साहेबांनी हातात ग्लास धरून सुरक्षेवर भाषण केलं. भाषण चांगलं होतं. ते मीच लिहून दिलं होतं.

जेवणं झाली. चारला निघायचं म्हणून मी फुंकणी बाहेर काढली. निमगडे मॅडम फुंकल्या. हिरवा. साहेब फुंकले. लाल.

“मशीन खराब आहे,” साहेब म्हणाले.

“आत्ता मॅडमचं बरोबर दाखवलं, साहेब.”

“तुम्ही फुंका. तुम्ही तर पीत नाही ना? फुंका.”

मी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी ऐटीत नळी धरली आणि पूर्ण छाती रिकामी केली.

लाल.

घाटोळे साहेब जमिनीवर बसून हसू लागले. वेल्डर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “काय बाप्पा! सेफ्टीच पिऊन राहिली!”

मग मला आठवलं. जेवल्यावर ॲसिडिटी होते म्हणून बायकोनं होमिओपॅथीचे थेंब दिले होते. ते मी नुकतेच जिभेवर घेतले होते. ते थेंब अल्कोहोलमध्येच बनवतात. अशा वेळी मशीनला पोटातली दारू नाही, तोंडातली सापडते. तोंडातली लवकर उडून जाते. म्हणून नियम असा की चूळ भरायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं.

हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणालाही पटलं नाही.

ती पंधरा मिनिटं मला अजून आठवतात. मी खाटेवर बसलो होतो आणि माझ्याभोवती सगळा स्टाफ. साहेबांनी घड्याळ लावलं. दर मिनिटाला वेळ सांगत होते. तेवढ्यात निमगडे मॅडम लॅबच्या चार मुलींना गाडीत बसवून निघाल्या. माझ्याकडून कुलपाची किल्ली घेऊन त्यांनी स्वतःच पेटी उघडली, आपली किल्ली काढली आणि पेटी बंद करून कुलपाची किल्ली मला परत दिली. जाताना त्यांनी विचारलं, “साहेब, पुढे बसता का? मुली मागे ॲडजस्ट होतील.”

“तुम्ही व्हा पुढे,” साहेब म्हणाले. “मी माझ्या गाडीनं येतो.”

पंधरा मिनिटांनी मी फुंकलो. हिरवा. इतका सुंदर हिरवा रंग मी त्याआधी पाहिला नव्हता.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “आता मलाही पंधरा मिनिटं द्या.”

मी दिली. साहेबांनी तीनदा चूळ भरली. बडीशेप खाल्ली. विहिरीला दोन चकरा मारल्या. फुंकले. लाल. पोटातून रक्तात गेलेली दारू चूळ भरून जात नाही. लिव्हर ती आपल्या वेगानं काढतं, त्याला बरेच तास लागतात, आणि समोर जीएम आहे म्हणून ते घाई करत नाही. हे वाक्य मी साहेबांना थोडं सौम्य करून सांगितलं.

“मले तं चढलीच नाही,” घाटोळे साहेब मध्येच म्हणाले. “पाहा, सरळ चालून दाखवतो.”

धान निघून गेलं होतं, बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, कोरड्या होत्या. ते धुऱ्यावर चढले. धुरा म्हणजे बांधीचा उंच बांध. पंधरा पावलं अगदी सरळ गेले. सोळाव्या पावलाला धुरा डावीकडे वळला, घाटोळे वळले नाहीत. ते तनसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात गेले आणि तिथेच झोपले.

“बघा,” मी म्हणालो, “बसनं जाऊ साहेब. आरामात.”

मी बसच्या ड्रायव्हरला बोलावलं. मनोहर नाव. शांत, अबोल माणूस. त्यानं नळी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, फुंकणं जरुरी हाय का?”

“काहून?”

“जीएम साहेबानं स्वतः गिलास देल्ला. मले नाही म्हणता नाही आलं जी.”

लाल.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब विहिरीकडे पाहत होते.

इथे माझी चूक सांगायला हवी. मी नियम केले, पेटी आणली, मशीन आणली, पण परतीची सगळी योजना एकाच ड्रायव्हरवर टांगली. त्याला कोणी पाजेल, हे मनातही आलं नाही. माझा स्वतःचा उपयोग शून्य. मला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही. आता शेतात आम्ही चौदा जण, तीन गाड्या आणि गाडी चालवू शकेल असा शुद्धीतला माणूस एकही नाही. मोबाईलवर टॅक्सी शोधली. ॲप बराच वेळ गोल फिरलं आणि मग ‘या भागात गाडी उपलब्ध नाही’ म्हणालं.

भोयर म्हणाला, “ट्रॅक्टर हाय नं. ट्रॉलीत बसा सगळे.”

“तू प्यायला का?”

“थोडीशी.”

साहेबांचा धीर सुटला. “लांजेवार, पुरे झालं. चाळीसच्या स्पीडनं जाईन. आणि समजा काही झालंच, तर ते आपल्या अपघाताच्या बोर्डावर धरतात का? सुट्टीचा दिवस, कंपनीच्या बाहेर...”

“बोर्डावर नाही धरत साहेब. पेपरात धरतात.”

“किल्ली द्या. ही ऑर्डर आहे.”

मी दिली असती का? खरं सांगतो, माहीत नाही. घरचं लोन, मुलीची फी, सगळं डोळ्यांसमोर आलं होतं. हात खिशात गेलाही होता.

भोयरची बायको सुनंदाबाई विहिरीपाशी भाजीचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, घासत होती. ती मान वर न करता बोलली.

“साहेब, माह्या भाच्यानंबी असंच म्हणलं होतं. मले चढली नाही, हळू जातो. आता काठी घेऊन चालते. एकोणतीस वर्षाचा हाय. आन् ज्याले धडकला, तो मानूस तं उठलाच नाही.” तिनं गंजावर पाणी ओतलं. “पाच वाजता फाट्यावर एसटी येते. नागपूरले जाते. तुमी काहून भांडून राहिले?”

साहेबांचा पुढे केलेला हात हळूहळू खाली आला.

“एसटी?” ते म्हणाले. “मी कॉलेजनंतर एसटीत बसलो नाही.”

“मंग आज बसा,” सुनंदाबाई म्हणाली.

मनोहरला भोयरच्या खाटेवर झोपवलं. घाटोळे साहेबांना तनसीतून काढलं. त्यांच्या केसांत तनस, कोटावर तनस. आम्ही बारा जण ओळीनं फाट्यापर्यंत चालत गेलो, पुढे मी लाल पेटी काखेत घेऊन. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “कोनाची वरात हाय गा?”

एसटी आली. कंडक्टर बाईनं आम्हाला एकेक करून चढताना पाहिलं, नाक आक्रसलं आणि मला म्होरक्या समजून बाजूला घेतलं. कारण सरळ उभा मीच होतो.

“हे सगळे तुमचे?”

“हो. कंपनीचे.”

“एकाचाही आवाज आला तं मधातच उतरवून देईन. मंग म्हणान सांगितलं नव्हतं.”

“मॅडम, कडक नियम आहे तुमचा,” मी कौतुकानं म्हणालो.

“तुमी बसा.”

साहेबांना वांग्यांचं पोतं घेऊन बसलेल्या एका बाईशेजारी जागा मिळाली. अर्धी जागा पोत्याची होती.

“काय करता जी तुमी?” तिनं विचारलं.

“मी जीएम आहे.”

“सरकारी?”

“नाही, प्रायव्हेट.”

“होईल, होईल. फारम भरत राहा,” ती म्हणाली.

साहेबांनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण कंडक्टर बाईनं मागे वळून पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं. थोड्या वेळात ते झोपले. पोत्यावर डोकं ठेवून, अगदी शांत. नागपूर येईपर्यंत आमच्यातल्या एकानंही तोंडातून शब्द काढला नाही. कारखान्यात इतकी शिस्त मला कधी जमली नाही.

स्टँडवर मी एकेकाला ऑटोत बसवलं. साहेबांना प्रताप नगरला मीच सोडलं. बाईसाहेबांनी दार उघडलं. आधी साहेबांना पाहिलं, मग फाटकाबाहेर पाहिलं.

“गाडी कुठे? ठोकली का?”

“नाही बाईसाहेब. ठोकायची नव्हती म्हणून एसटीनं आणलं.”

त्यांनी मला आत बोलावलं आणि चहा केला. साहेबांना नाही विचारला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साहेब आणि घाटोळे सकाळच्या एसटीनं गाड्या आणायला गेले. पेटी आणि फुंकणी घेऊन मी होतोच. दोघंही फुंकले, मनोहरही फुंकला. सगळे हिरवे. घाटोळे म्हणाले की त्यांचं डोकं मात्र अजून लाल आहे.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी बदलीची तयारी करून गेलो होतो. साहेब फाईल चाळत होते.

“शनिवारी तुम्ही किल्ली देणार होता का? ती बाई बोलली नसती तर?”

“माहीत नाही, साहेब.”

“मलाही तेच वाटलं,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी पेटीची किल्ली तुमच्याकडे ठेवू नका. तुम्हाला बायको-मुलं आहेत. अशा माणसाकडे द्या, ज्याचं अप्रेझल मी करत नाही.”

मला वाटलं ते चिडून बोलले. पण नवीन सर्क्युलरमध्ये तोच मुद्दा पहिला होता. अप्रेझल ठीक झालं. शेऱ्यात ‘कामात हट्टी’ असं लिहिलं होतं. ते चांगल्या अर्थानं घ्यायचं की वाईट, हे एचआरलाही सांगता आलं नाही.

मी यातून एवढंच शिकलो की प्यालेल्या माणसाची नुसती किल्ली काढून घेतली तर तो भांडतो. घरी जायचा दुसरा रस्ता दाखवला तर तो फक्त कुरकुरतो. म्हणून आता कुठेही पार्टी असली की मी आधी परतीच्या एसटीची वेळ विचारतो. बससाठी दोन ड्रायव्हर सांगतो. आणि जेवताना त्या दोघांच्या मध्ये मी स्वतः बसतो.