बरोबर नावासाठी अडून बसलेल्या मॅडम

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाही तं माह्या पोटात राहनार नाही!

वाशिमात एक लॅबवाल्या डॉक्टर मॅडम हायेत. बाबाच्या शुगरसाठी मी दर महिन्याले त्यायच्याकडं जातो. मायक्रोस्कोपात पाहताना त्या पेशीयसंगच बोलतात, "कोन गं तू? कोनाच्या घरची?"

मांगच्या महिन्यात माह्या लहान बहिनीले ब्लड कॅन्सर निघाला. लिम्फॉइड का मायलॉइड, दोनातल्या कोनत्या प्रकाराचा, हे समजाले मॅडमनं नमुना नागपूरच्या मोठ्या लॅबले पाठवला. पेशीवरच्या खुणा म्हनजे मार्कर पाहून ते ठरते. रिपोर्ट आला तं दोन्ही प्रकाराचे मार्कर! संग आलेले काका भडकलेच.

"एक नाव लिहून द्या न बाई! पोरगी सुकून राह्यली."

"भाऊ, तुमच्या वावरात पानं सोयाबीनची आन शेंगा तुरीच्या, असं झाड उगवलं तं फवारनी कोनती मारसान?"

"आधी झाड कोनतं ते पाहीन."

"मंग मीबी तेच करून राह्यली. नाव चुकलं तं औषध चुकते."

मॅडमनं नागपूरच्या लॅबमधल्या डॉक्टरले फोन लावला. "त्याच नमुन्यावर आनखी मार्कर लावा, आजच." तिकडून उद्यावर ढकलत होते. मॅडम खुर्ची ओढून बसल्या, पन 'हो' म्हनेपर्यंत फोन ठेवला नाही!

संध्याकाळी उत्तर आलं. कॅन्सर लिम्फॉइड प्रकाराचाच होता, दुसऱ्या प्रकाराचा एक मार्कर त्याच्यावर भलताच उगवला होता. तवा कुठं मॅडमनं नाव लिहिलं. आज बहिनीले त्याच प्रकाराचं औषध चालू झालं.

तुमच्या घरच्यासाठी कोनी असं अडून बसलं होतं काय? सांगा न!