दोन महिन्यांसाठी दिलेलं घर

अक्कलकुव्याला हायवेलगत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पत्रे, पाइप, कुलपं. गिऱ्हाईक येतं आणि आधी विचारतं, "शेठ, काय झालं तुमच्या घराचं?" मी सांगायला लागलो की तो चुलत्याच्या, दुसऱ्याने बळकावलेल्या प्लॉटचं काढतो, त्याच्या मागे उभा असलेला सासऱ्याच्या गाळ्याचं. खिळे पाव किलो, किस्से मणभर! इतके साठलेत की त्यांच्यासाठी वेगळं गोडाऊन बांधावं. पण बांधलं की त्यातही कोणीतरी येऊन राहील!

माझं दुखणं जवळच्या खापर गावात आहे. वडिलांनी बांधलेलं, रस्त्यालगतचं तीन खोल्यांचं घर. मुलगी पूर्वा फिजिओथेरपी शिकून आली, तिला तिथे दवाखाना टाकायचाय. आज कंबर धरून लोक पार गुजरातेत जातात. घर माझ्या नावावर, घरपट्टी मी भरतो. आणि आत राहतो सुधाकर!

* * *

सुधाकर विम्याचा एजंट. नऊ वर्षांपूर्वी दुकानात आला, हात जोडले. "शेठ, मन्हा घरनं काम चालू शे. फक्त दोन महिना ऱ्हाऊ द्या."

मी सातवी शिकलेला माणूस. आमच्या धंद्यात ट्रकभर सिमेंट फोनवरच्या शब्दावर येतं. कागद मागणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं. किल्ली दिली, वर चहा पाजला!

दोन महिन्यांत त्याचं घर झालं. वास्तुशांतीला मीही जेवून आलो. हात धुताना विचारलं, "मग, सामान कधी हलवताय?"

"ते घर त भाडाने दिधं, शेठ."

अकरा महिन्यांचा करार, स्टॅम्पपेपर, फोटो, दोन साक्षीदार! मी म्हटलं, "एवढं सगळं कशाला?"

"मंग? आजकाल कोन्हावर भरोसा ठेवता येस का?"

* * *

सुधाकर घर काही सोडेना. गेलो पोलीस ठाण्यात. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. "घर तुमचंच आहे हो शेठ. पण हा दिवाणी मामला. कोर्टात जा."

डोकं फिरलं माझं. तसाच खापरला गेलो आणि मीटरचा फ्यूज काढून खिशात घातला. दुकानात पोचून पाणी पितोय, तोवर पोलीस हजर!

"शेठ, माणसाच्या राहत्या घराची लाइट तोडता?"

राहत्या घराची! मी ओरडलोच, "साहेब, सकाळी तर मामला दिवाणी होता!"

साहेब शांतपणे म्हणाले, "तो तुमचा. हा त्याचा."

* * *

पुढचा किस्सा सांगताना अजून माझे कान तापतात.

दुकानात एक मिस्तरी आला. "मजबूत कुलूप दाखवा शेठ. आमच्या मालकाला भीती वाटते, कोणीतरी घरात घुसेल."

मी सगळ्यात भारी कुलूप काढलं. वर सल्ले दिले: कडी बदला, खिडक्यांना जाळी मारा, मागच्या दाराला लोखंडी पट्टी टाका. सगळा माल काढून दिला. मिस्तरीने मालकाचं नाव सांगितलं, तसं पक्कं बिल केलं, सुधाकरच्या नावाने. म्हटलं, त्याच्या भाड्याने दिलेल्या घराचं काम निघालं असेल.

चार दिवसांनी खापरला गेलो. कुलूप माझ्याच दाराला!

कोर्टात आता सुधाकर सांगतो की शेठनी मला घर तोंडी विकलं. पुरावा? माझ्या दुकानाचं बिल, माझ्या सहीचं! त्याचा वकील विचारतो, "घर बंद करायचा माल ज्यांनी स्वतःच्या हाताने दिला, ते घर परत कसे मागतात?"

माझे वकील बाहेर आल्यावर म्हणाले, "शेठ, पुढच्या तारखेला तुम्ही त्यांच्याच बाकावर बसा. मला तेवढीच मदत होईल."

* * *

माझे मित्र दगूभाऊ पाटील, तापीकाठचे बागायतदार. मला कायम डिवचायचे, "तू वाणी माणूस. तुन्हामा दम नही!"

हायवेला त्यांचा मोकळा प्लॉट आहे. त्यावर एकाने उसाच्या रसाचा चरक आणून बसवला. दगूभाऊ एक दिवस तावातावाने निघाले. "आज त्याले उठाडीसनच येस!" बुलेट थेट प्लॉटच्या मधोमध उभी केली.

रसवाल्याने चरकाच्या आवाजातूनच हाक मारली, "ओ भाऊ, गाडी बाजूले करा, गिऱ्हाईकले आडचण व्हस!"

तासाभराने दगूभाऊ माझ्या बाकड्यावर येऊन बसले. आम्ही विचारलं, "मग?"

दगूभाऊ खाली मान घालून म्हणाले, "करी दिधी गाडी बाजूले."

* * *

एकदा वरच्या पाड्यावरचे एक पावरा आदिवासी बाबा पत्रे न्यायला आले होते. माझी टकळी चालूच होती. वडिलांची जागा, कष्टाची जागा, आणि कोणीतरी येऊन बसतो म्हणजे काय! बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"शेठ," ते म्हणाले, "तुमचावाला विचारून तरी आला."

पत्रे जीपच्या टपावर बांधून ते निघून गेले. पुढच्या गिऱ्हाइकाने घराचं विचारलं, तेव्हा मी खिळे तोलायला घेतले.

* * *

शेवटी पूर्वाच चिडली. "पप्पा, तुमच्या तारखा पडत राहतील आणि मी शिकलेलं विसरून जाईन! मी भाड्याने खोली बघते."

खोली मिळाली ती आमच्याच घरापासून चार दारं पुढे, एका रिटायर गुरुजींची. मी आणि पूर्वा भेटायला गेलो. गुरुजींनी पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाले, "मुलगी गुणी आहे. पण शेठ, घराच्या भानगडीत तुमचं नाव कोर्टात आहे. उद्या खोली सोडाल, याची खात्री कोण देणार?"

मला विचारतो! मला!! मी उठलोच होतो, पूर्वाने हात धरून खाली बसवलं. गुरुजी म्हणाले, "मी गावात चौकशी करतो, मग कळवतो."

तिसऱ्या दिवशी गुरुजींचा फोन आला. "या, किल्ली घेऊन जा. तुमच्याबद्दल फार चांगलं ऐकलं."

किल्ली हातात पडल्यावर मी विचारलं, "गुरुजी, चौकशी केली तरी कोणाकडे?"

"अहो, तुम्हाला या गल्लीत जवळून ओळखणारा एकच माणूस. सुधाकर!"

"काय म्हणाला तो?"

गुरुजींनी चष्मा पुसला आणि सुधाकरचे शब्द जसेच्या तसे ऐकवले:

"डोया झाकीसन द्या, गुरुजी. भला माणूस शे. नऊ वरीस व्हई ग्यात मी त्यासना घरमा ऱ्हास, एक दिन बी तरास नही!"